हिमोग्लोबिनचं प्रात्यक्षिक, इंटरनेट न धरता: प्रकल्प नोंदी

१० जून २०२५

आराखडा ठरला. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी दोन-दोन तासांची तीन प्रात्यक्षिकं: पहिलं क्रॅम्बिन या छोट्या प्रथिनावर, दुसरं हिमोग्लोबिनवर, तिसरं सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारातल्या हिमोग्लोबिनवर. संगणक १२, एकावर तिघं. इंटरनेट येईल-जाईल, त्यावर भिस्त ठेवायची नाही.

विषय मुद्दाम सिकलसेलचा. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, नंदुरबार या भागात हा शब्द पुस्तकाच्या आधी घरात पोचलेला असतो. एका अमिनो आम्लाच्या बदलानं काय होतं हे ज्यांना कळायला हवं, ती मुलं समोरच बसलेली आहेत.

एक नियम सुरुवातीलाच लिहून ठेवतोय आणि पुढचं सगळं त्यावर तपासणार आहोत: पडद्यावरच्या प्रत्येक चित्रासोबत मुलांच्या वहीत एक मोजलेला आकडा उतरला पाहिजे. नुसतं फिरणारं रंगीत चित्र दाखवलं की मुलं रिबनलाच (साखळी पट्टीसारखी दाखवणारं चित्र) प्रथिन समजून घरी जातात. रिबन हे चित्रकाराचं सोयीचं रूप आहे. जेन रिचर्डसन यांनी १९८१ मध्ये ती पद्धत रूढ केली. रेणूत तशी पट्टी कुठेही नसते.

१३ जून

रेणू पडद्यावर त्रिमित दाखवणारी साधनं निवडली.

पायमॉल: मोजमाप आणि निवडीच्या आज्ञांसाठी. मुक्त स्रोत आवृत्ती कोंडा-फोर्ज या मोफत सॉफ्टवेअर-संग्रहावरून बसते. मुलांचं मुख्य साधन हेच.

कायमेराएक्स: शिक्षकाच्या लॅपटॉपवरच. त्याला ओपनजीएल (ग्राफिक्सची प्रणाली) ३.३ किंवा वरचं लागतं आणि १२ पैकी ४ संगणक तिथेच अडतात. बिगर-व्यावसायिक वापराला मोफत.

ब्राउझरमधली साधनं: मॉलस्टार, थ्रीडीमॉल, जेएसमॉल. पहिल्या दोघांना वेबजीएल (ओपनजीएलचं ब्राउझरमधलं रूप) लागतं. जेएसमॉल साध्या कॅनव्हासवरही चालतं. हळू चालतं, पण जुन्या ग्राफिक्सवर अडून बसत नाही. त्या ४ संगणकांवर जेएसमॉल ठेवायचं.

जुनी जावा-ॲप्लेटवाली पानं कुणाच्या संग्रहात असतील तर ती सोडून द्यावीत. क्रोमनं २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सनं २०१७ मध्ये तो आधार काढला. जेएसमॉल म्हणजे जावात लिहिलेलं जेमॉलच जावास्क्रिप्टमध्ये आणलेलं, त्यामुळे आतल्या जुन्या आज्ञा बहुतांशी तशाच चालतात.

(या नोंदींत आज्ञा आणि फाइलींची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत.)

१६ जून

ब्राउझरची साधनं स्थानिक फोल्डरमधून चालवायचा पहिला प्रयत्न फसला. एचटीएमएल फाइलवर डबल-क्लिक केलं की पान उघडतं, पण रेणू येत नाही, पांढरी चौकट राहते. कारण: पान थेट डिस्कवरून उघडलं असेल तर शेजारची फाइल वाचायला ब्राउझर सुरक्षेसाठी मनाई करतो.

उपाय सोपा आहे. त्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून 'पायथन -एम एचटीटीपी.सर्व्हर ८०००' ही आज्ञा द्यायची आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्टच्या ८००० पोर्टवर जायचं. शिक्षकाच्या लॅपटॉपवर हे चालू ठेवलं की बाकीचे संगणक त्याच्या आयपी पत्त्यावरून तेच पान उघडतात. पहिल्यांदा विंडोजची फायरवॉल विचारते. तिथं खाजगी नेटवर्कला परवानगी दिली नाही तर लॅपटॉपवर पान दिसतं आणि बाकीच्यांना दिसत नाही. यात अर्धा तास गेला.

जेएसमॉलबद्दल: मुख्य फाइलीसोबत 'जे२एस' हे फोल्डर हलवायलाच हवं. त्यात असंख्य बारक्या फाइली असतात, पेनड्राइव्हवर सुट्ट्या कॉपी करायला फार वेळ लागतो. झिप करून न्यावं, तिथं उघडावं.

२० जून

पहिल्या प्रात्यक्षिकाचा गाभा तयार. रेणू: क्रॅम्बिन, फाइल १सीआरएन (पीडीबी या प्रथिन-रचनांच्या जागतिक संग्रहातला क्रमांक). ४६ अमिनो आम्लं, हायड्रोजन सोडून ३२७ अणू, दोन हेलिक्स (मळसूत्री वळणं), एक छोटा बीटा पट्टा, तीन डायसल्फाइड (दोन गंधकांमधले) बंध. म्हणजे पाठ्यपुस्तकातलं जवळपास सगळं एका छोट्या रेणूत, आणि फाइल इतकी लहान की मुलं ती वरून खाली वाचू शकतात.

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी फाइल नोटपॅडमध्ये उघडायची. पहिले दोन अणू असे आहेत: थ्रिओनिन १ चा नायट्रोजन, निर्देशांक १७.०४७, १४.०९९, ३.६२५. त्याच थ्रिओनिनचा अल्फा कार्बन (अमिनो आम्लाचा मधला कार्बन), १६.९६७, १२.७८४, ४.३३८. मुलांनी वजाबाकी करायची: ०.०८०, १.३१५, ०.७१३. वर्ग करून बेरीज २.२४४. वर्गमूळ १.४९८ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग).

मग पायमॉलमध्ये तेच दोन अणू निवडून अंतर मोजायचं. पडद्यावर १.५ येतं. ही दहा मिनिटं पूर्ण द्यावीत, घाई करू नये. चित्र म्हणजे या ओळीच आहेत, दुसरं काही नाही, हे इथे हाताला लागतं. पुढच्या सहा तासांत पडद्यावर काहीही आलं तरी मुलं 'हे कुठल्या ओळीतून आलं' असं विचारू लागतात.

त्यानंतरची तीन मोजमापं: शेजारच्या दोन अल्फा कार्बनांतलं अंतर (३.८ च्या आसपास, कुठेही मोजा), सिस्टीन ३ आणि ४० च्या गंधकांतलं अंतर (२ च्या थोडं वर), हेलिक्समधल्या एका ऑक्सिजनपासून चार पुढच्या नायट्रोजनपर्यंतचं (३ च्या जवळपास). डायसल्फाइडच्या उरलेल्या दोन जोड्या, ४–३२ आणि १६–२६, मुलांनी स्वतः शोधायच्या.

२३ जून

एका प्रतीत अल्फा कार्बन गायब होऊन त्यांच्या जागी मोठे गोळे येत होते. सॉफ्टवेअर त्यांना कॅल्शियम समजत होतं.

कारण इतकं शिकवण्यासारखं निघालं की ते आता प्रात्यक्षिकातच घेतलं आहे. जुन्या पीडीबी फाइलीत प्रत्येक गोष्टीचा रकाना ठरलेला असतो. अणूचं नाव १३ ते १६ या रकान्यांत. अल्फा कार्बनचं 'सीए' १४व्या रकान्यापासून सुरू होतं, कॅल्शियमचं 'सीए' १३व्यापासून. फरक एका रिकाम्या जागेचा. ७७-७८ रकान्यांत मूलद्रव्याचं चिन्ह असतं तोवर गोंधळ होत नाही. पण या प्रतीत ओळींचा शेवट छाटलेला होता आणि वर्ड प्रोसेसरमधून जतन करताना जागा सरकल्या होत्या.

नियम: पीडीबी फाइल नोटपॅडमध्येच उघडायची, वर्डमध्ये कधीच नाही. फॉन्ट समान रुंदीचा ठेवायचा, म्हणजे सरकलेला रकाना डोळ्यांना दिसतो.

याच ठरलेल्या रकान्यांमुळे त्या फाइलीत ९९,९९९ च्या वर अणू मावत नाहीत आणि साखळीला एकच अक्षर मिळतं. मोठ्या रेणूंसाठी एमएमसीआयएफ हे नवं रूप आलं, ते त्यासाठीच.

२७ जून

रामचंद्रन आलेख: प्रथिनाच्या कण्यातले फाय आणि साय हे दोन कोन कुठे पडू शकतात ते दाखवणारा. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी १९६३ मध्ये मांडलेला हा आलेख आजही प्रत्येक नवी रचना तपासायला वापरतात. मुलांना तो छापील दाखवण्याऐवजी त्यांच्याकडून काढून घ्यायचा.

पायमॉलची 'फाय_साय' आज्ञा प्रत्येक अमिनो आम्लाचे दोन कोन छापते. ते स्प्रेडशीटमध्ये टाकून विखुरलेला आलेख काढायचा, दोन्ही अक्ष उणे १८० ते १८०. स्प्रेडशीट आपोआप अक्ष आखडतं, म्हणून ही मर्यादा हातानं द्यावी लागते.

बिंदू ४४ येतात, ४६ नाही. पहिल्याला फाय नसतो, शेवटच्याला साय. हे आधी सांगू नये. मुलांनी मोजून विचारलं पाहिजे.

ग्लायसिन २०, ३१, ३७ आणि ४२ वेगळ्या रंगात काढायचे. बाजूची साखळी नसल्यामुळे इतरांना बंद असलेल्या भागातही ते जाऊ शकतात. प्रत्यक्षात कोणता कुठे पडला ते मुलांनी बघावं. आणखी एक: १७९ आणि उणे १७९ हे बिंदू आलेखाच्या दोन टोकांना दिसतात, प्रत्यक्षात त्यांच्यात दोनच अंशांचा फरक आहे. कागदाची गुंडाळी करून कडा जुळवून दाखवली की लगेच कळतं.

२ जुलै

हिमोग्लोबिनला सुरुवात. ४एचएचबी: माणसाचं ऑक्सिजनरहित हिमोग्लोबिन, रचनेचा बारकावा (रिझोल्यूशन) १.७४ अँगस्ट्रॉम. ए आणि सी या अल्फा साखळ्या, १४१ अमिनो आम्लांच्या. बी आणि डी बीटा, १४६ च्या. चार हीम (ऑक्सिजन धरणारे, लोह असलेले गट). अमिनो आम्लं एकूण ५७४.

मॉलस्टारमध्ये हीमच्या साखळीचं अक्षर आणि पायमॉलमधलं अक्षर जुळत नाही. एमएमसीआयएफमध्ये दोन क्रमांकपद्धती सोबत असतात: एक संशोधकानं दिलेली, एक संग्रहानं लावलेली. दुसरीत प्रत्येक हीमला स्वतंत्र अक्षर मिळतं. प्रश्नपत्रिकेत सगळीकडे संशोधकाचीच पद्धत धरायची, आणि तसं वर लिहायचं.

७ जुलै

आज दिवस १एचएचओवर गेला. ही ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनची रचना, २.१ अँगस्ट्रॉम. फाइल उघडली की दोनच साखळ्या येतात, एक अल्फा, एक बीटा. मुलं म्हणणार, ऑक्सिजन लागला की रेणू अर्धा होतो. असा गैरसमज चित्रातून एकदा बसला की नंतर सांगून जात नाही.

खरं असं: स्फटिकात जो भाग पुन्हा पुन्हा येतो तेवढाच फाइलीत ठेवतात. इथे रेणूचा उरलेला अर्धा भाग सममितीनं मिळतो, म्हणून तो लिहिलेला नाही. पूर्ण रेणू हवा तर 'जैविक जुळणी' मागावी लागते.

पायमॉलमध्ये क्रम असा:
१. 'फेच १एचएचओ, टाइप=पीडीबी१'. तरीही दोनच साखळ्या दिसतात, कारण दुसरा अर्धा भाग वेगळ्या स्थितीत (स्टेट) भरला जातो.
२. 'स्प्लिट_स्टेट्स' देऊन दोन्ही भाग सुटे करायचे. नावांपुढे ०००१ आणि ०००२ लागतं.
३. दोन्ही भागांत साखळ्यांची अक्षरं ए आणि बीच असतात. 'ऑल्टर' वापरून दुसऱ्या भागातल्या ए ला सी आणि बी ला डी करायचं, मग 'सॉर्ट'.
४. दोन्ही मिळून 'क्रिएट' नं एक वस्तू करायची आणि ती जतन करून ठेवायची.

तिसरी पायरी राहिली तर पुढची प्रत्येक निवड दुप्पट येते आणि अंतरं भलतीच निघतात. मुलांना तयार फाइलच द्यायची, पण मूळ फाइलसुद्धा एकदा उघडून दाखवायची.

९ जुलै

ऑक्सिजन लागल्यावरचा बदल कसा दाखवायचा? सवयीनं दोन्ही रचना एकमेकींवर बसवतात. चारही साखळ्या धरून 'अलाइन' केलं तर फरक सगळीकडे थोडा थोडा पसरतो, काहीच ठळक दिसत नाही. फक्त ए आणि बी साखळ्या जुळवायच्या. मग दुसरी जोडी सुमारे १५ अंशांनी फिरलेली स्वच्छ दिसते. या जुळणीत आरएमएसडी (जुळवलेल्या अणूंमधल्या अंतराची एक प्रकारची सरासरी) १ अँगस्ट्रॉमच्या आसपास किंवा कमी यावा. खूप जास्त आला तर साखळ्यांची जोडी चुकली आहे.

'अलाइन' आपणहून न जुळणारे अणू वगळत जातं आणि उरलेल्यांचाच आरएमएसडी सांगतं. 'सायकल्स=०' दिल्याशिवाय तो आकडा वहीत लिहू देऊ नये.

पण आमच्या मते आधी मोजमाप, मग जुळणी. दोन बीटा साखळ्यांच्या हीममधल्या लोहांचं अंतर मोजायचं. ऑक्सिजनरहित रचनेत ते सुमारे ४० अँगस्ट्रॉम येतं. ऑक्सिजनयुक्त रचनेत ६-७ नं कमी होतं. दोन क्लिक, एक आकडा, आणि रेणू आकसला हे कुठलंही चित्र न बसवता सिद्ध. त्यानंतर जुळणी दाखवली की मुलं काय शोधायचं ते ठरवून बघतात.

१४ जुलै

मराठी लेबलं. 'हिस्टिडीन' हा शब्द मॉलस्टारमध्ये आणि एनजीएल या दुसऱ्या ब्राउझर-साधनात फुटतो: वेलांटी सुटी पडते, जोडाक्षर मोडून हलन्त दिसतो. ही साधनं एकेक अक्षराचं चित्र साठवून ओळीनं मांडतात. देवनागरीला लागणारी जुळवणी मध्ये होतच नाही. थ्रीडीमॉलमध्ये मात्र लेबल ब्राउझर स्वतः कॅनव्हासवर लिहितो, त्यामुळे शब्द अखंड येतो. मराठी नावं असलेली सगळी पानं थ्रीडीमॉलवर हलवली.

हे काम वरवर किरकोळ वाटेल. मोडक्या अक्षरांत आपली भाषा दिसली की मुलं ती या विषयासाठी नाहीच असं धरून चालतात, म्हणून दिवस घालवला.

१८ जुलै

तिसरं प्रात्यक्षिक. २एचबीएस: ऑक्सिजनरहित सिकल हिमोग्लोबिन, २.०५ अँगस्ट्रॉम, फाइलीत दोन पूर्ण रेणू, साखळ्या ए ते एच. बीटा साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामेटऐवजी व्हॅलीन. जनुकात जीएजी या तीन अक्षरांचं जीटीजी, एवढंच.

मुलांनी चारही बीटा साखळ्यांतली सहावी जागा निवडायची: बी, डी, एफ, एच. साखळी न सांगता नुसतं ६ निवडलं तर अल्फातलं सहावं ॲस्पार्टेटही सोबत येतं, आणि मग 'इथे व्हॅलीन नाहीच' असा ओरडा होतो.

पुढची आज्ञा: या व्हॅलीनांपासून ५ अँगस्ट्रॉमच्या आत येणारी ८५ आणि ८८ क्रमांकांची अमिनो आम्लं दाखव. शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीतली फेनिलॲलानिन ८५ आणि ल्युसीन ८८ यांची खोबण समोर येते, तिच्यात व्हॅलीन बसलेलं. चारही व्हॅलीन असे बसलेले नसतात. कोणतं बसलंय आणि कोणतं मोकळं आहे हे शोधणं हाच त्या तासाचा प्रश्न.

आधी काठ्यांचं चित्र, मग त्याच जागी भरीव गोळ्यांचं. काठ्यांमध्ये व्हॅलीन आणि खोबण यांत मोकळी जागा आहे असं वाटतं. गोळे केले की फट मिटते. पाणी टाळणारे गट एकमेकांना का चिकटले हे तिथे न बोलता दिसतं. भरीव पृष्ठभाग मात्र आठही साखळ्यांवर काढू नये, ब्राउझर गोठतो. व्हॅलीनभोवतीच्या १० अँगस्ट्रॉमपुरताच काढायचा.

शिक्षकांसाठीच्या पानावर ठळक लिहिलं: वर्गात एएस (वाहक) किंवा एसएस (रुग्ण) असलेला विद्यार्थी असू शकतो. कुणालाही स्वतःचा किंवा घरच्यांचा तपासणी निकाल विचारायचा नाही, उदाहरणादाखलही नाही. वाहक आणि रुग्ण हा फरक पहिल्या पाच मिनिटांत स्पष्ट करायचा.

२२ जुलै

अल्फाफोल्डच्या (अमिनो आम्लांच्या क्रमावरून रचनेचा अंदाज बांधणारी संगणक-प्रणाली) संग्रहातलं बीटा ग्लोबिनचं मॉडेल तुलनेला घेतलं. तीन ठिकाणी फसगत होते.

सहावी जागा निवडली तर प्रोलीन येतं. मॉडेल सुरुवातीच्या मेथिओनिनपासून मोजतं. शरीरात तो मेथिओनिन कापला जातो आणि जुनी मोजणी त्याच्यापुढून सुरू होते. म्हणून जुन्या मोजणीतलं ६ मॉडेलमध्ये ७. जनुक-तपासणीच्या अहवालात बदल सातव्या जागी लिहिलेला असतो, तोही याच कारणानं. हे माहीत नसेल तर माणसाला वाटतं हा दुसराच आजार.

दुसरं, बी-फॅक्टरचा रकाना. प्रयोगातून आलेल्या फाइलीत तिथे मोठा आकडा म्हणजे अणूची जागा जास्त अनिश्चित. अल्फाफोल्ड त्याच रकान्यात ० ते १०० असा विश्वासांक ठेवतं, मोठा म्हणजे चांगला. नेहमीची रंगपट्टी लावली की सर्वांत भरवशाचा भाग तांबडा दिसतो. पट्टी उलटी करायची: ९० च्या वर गडद निळा, ७० ते ९० फिका निळा, ५० ते ७० पिवळा, त्याखाली नारिंगी.

तिसरं, त्यात हीम नाही. खिसा तयार आहे, आत काही नाही. हे मुलांकडून वदवून घ्यावं.

३० जुलै

त्रिमित छपाई. १ अँगस्ट्रॉमला १ मिलिमीटर हे प्रमाण घेतलं, म्हणजे एक कोटीपट. हिमोग्लोबिन साधारण साडेसहा सेंटीमीटरचं होतं, मुठीत मावतं. पहिली प्रत काढताना मोडली: कायमेराएक्समधली रिबन या प्रमाणात मिलिमीटरपेक्षाही पातळ राहते आणि ०.४ च्या नोझलला ती झेपत नाही. जाडी २ वर नेली, 'स्ट्रट्स' आज्ञेनं आतून आधार दिले. आता टिकते. आधाराच्या काड्या रेणूचा भाग नाहीत हे सांगायला विसरू नये. त्या वेगळ्या रंगानं हातानं रंगवल्या.

६ ऑगस्ट

पूर्ण रंगीत तालीम, १२ संगणकांवर.

सर्वांत जास्त खोळंबा माउसच्या चाकानं केला. मोबाइल-नकाशाच्या सवयीनं मुलं चाक फिरवतात, पण पायमॉलमध्ये चाक जवळ-लांब करत नाही, ते दृश्याची जाडी कमी-जास्त करतं. रेणू पुढून-मागून कापला जातो आणि शेवटी पडदा रिकामा. 'फाइल उडाली' असं सात संगणकांवरून ऐकू आलं. 'झूम' आज्ञा दिली की सगळं परत येतं. ती आज्ञा आता पहिल्या पानावर सर्वांत वर आहे.

प्रोजेक्टरवर काळी पार्श्वभूमी चालत नाही, दिवसाच्या उजेडात निळा नायट्रोजन दिसेनासा होतो. पांढरी केली.

पहिलं प्रात्यक्षिक वेळेत बसलं. दुसऱ्याला २० मिनिटं कमी पडली. जुळणीचा भाग शिक्षकानं दाखवायचा, लोहांचं अंतर मुलांनी मोजायचं.

८ ऑगस्ट

उरलेली कामं: २एचबीएसच्या उत्तरपत्रिकेत चारही व्हॅलीनांची अंतरं भरणं, जेएसमॉलवाल्या ४ संगणकांसाठी त्याच निवडींच्या आज्ञा वेगळ्या लिहिणं (तिथे आज्ञांचं व्याकरण निराळं आहे), आणि सगळं एका झिपमध्ये बांधून रिकाम्या संगणकावर, नेटवर्कची तार काढून, एकदा चालवून बघणं.